खोडरबर कपाटात ठेवा: मुलांचं पहिलं हस्तलिखित काढताना

चवथ म्हणजे गणपती संपले, त्यांच्यावर टांगलेली फळांची माटोळी उतरली की आमच्या वाचनालयात मुलं परत फिरकायला लागतात. फोंडा तालुक्यातलं लहानसं गाव, वाचनालयाची एकच खोली आणि पुढे सोपो. मुलांच्या गोष्टी आणि चित्रांचं हस्तलिखित काढायचं असेल तर माझ्या मते हीच वेळ. पाऊस ओसरत आलेला असतो, कागद सादळत नाही, आणि मुलांच्या डोक्यात चवथीचे दहा-बारा किस्से ताजे असतात. मात्र दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मोजू नका. तेव्हा सगळी पोरं नरकासुराचा पुतळा करण्याच्या मागे असतात, आणि बांबू, गवत, जुने पेपर यांच्यापुढे तुमच्या ए-४ कागदाला कोणी विचारणार नाही. म्हणजे मधे पाच-सहा शनिवार मिळतात. तेवढे पुरतात.

शाळेत शिकवत असाल, वाचनालय चालवत असाल किंवा नुसती वाड्यावरची चार मुलं सोप्यावर जमवणार असाल, पुढचं सगळं तुम्हाला जमेल. मला चित्र काढता येत नाही. त्याने काही अडलं नाही. उलट फायदाच झाला. कसा, ते पुढे येईल.

मुलं किती, वेळ किती

आठ ते बारा मुलं. त्याहून जास्त असली तर एकेकाची गोष्ट ऐकून होत नाही, आणि ऐकणं हेच तुमचं मुख्य काम आहे. वयं मिसळलेली असू द्या. सातवीतली मुलगी दुसरीतल्याचं बोलणं लिहून घेते, तेव्हा तुमच्यापेक्षा बरं लिहून घेते, कारण ती मधे शिकवत नाही. बैठक दीड तासाची ठेवा. त्यातली पहिली वीस मिनिटं गप्पांत जाणार, ती वाया गेली असं समजू नका.

सामान

दुकानात गेलात की ए-४ झेरॉक्सचा कागद हातात देतात. तो साधारण ७५ जीएसएमचा असतो (जीएसएम हे कागदाच्या वजनाचं माप), लिहायला ठीक, पण स्केचपेन लावलं की मागच्या बाजूला फुटतं. चित्रांसाठी थोडा जाड कागद घ्या, १०० ते १२० जीएसएमचा. २बी पेन्सिली घ्या, कारण एचबीची फिकी रेघ झेरॉक्समध्ये हरवते. पाणी लागलं तरी न पसरणारी काळी पेनं तीन-चार, मेणाचे खडू, कात्री, एक दाभण, जाड सुई आणि गोधडीला वापरतात तसला दोरा.

स्केचपेनबद्दल एक अनुभव. पहिल्या वर्षीची पानं मी वाचनालयाच्या कपाटात ठेवली आणि पावसाळ्यात उघडलीच नाहीत. चवथीला बाहेर काढली तेव्हा पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली, आणि डाव्या पानावरचा इसवण मासा उजव्या पानावरच्या आजीच्या कपाळावर. मुलांना ते फार आवडलं, तो भाग वेगळा. तेलखडूंचंही असंच होतं. समोरच्या पानावर उमटतात. वापरायचे असतील तर मधे बटरपेपर घाला.

खोडरबर मात्र आणू नका. मुलांनी आणला तर बैठक संपेपर्यंत कपाटात. चौथीतलं मूल एक हात काढायला पाच मिनिटं घेतं आणि खोडायला पंधरा. चुकली रेघ तर तिचं काहीतरी कर, एवढंच मी सांगते. चुकलेल्या रेघेचा साप होतो, माड होतो, वीज होते.

पहिला शनिवार: एका कागदाचं पुस्तक

पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात पूर्ण झालेली वस्तू पडली पाहिजे. त्यासाठी एका ए-४ कागदाचं आठ पानी पुस्तक करा. कागद आडवा धरा. डावी कड उजव्या कडेवर आणून दुमडा, पुन्हा तसंच दुमडा, मग वरची कड खाली आणून दुमडा. सगळा उघडलात की आठ चौकोन दिसतील, वर चार, खाली चार. आता पहिली घडी पुन्हा घाला, म्हणजे कागद रुंदीत अर्धा होईल. घडीच्या बाजूने, मधल्या आडव्या रेषेवरून पुढच्या उभ्या रेषेपर्यंत कापा, तिथेच थांबा. उघडलात की बरोबर मध्यावर एक चीर. कागद लांबीत अर्धा दुमडा, चीर वरच्या कडेला येईल. दोन्ही टोकं धरून एकमेकांकडे ढकला. चीर फाकते, वरून बघितलं तर अधिकचं चिन्ह दिसतं. मग पानं एका दिशेने गुंडाळून दाबलीत की पुस्तक.

घरी तीनदा करून बघा आणि मगच मुलांपुढे जा. मी न करता गेले होते. सहावीतल्या एका मुलाने माझ्या हातातून कागद काढून घेतला, तेव्हा कुठे पुस्तक झालं.

घडी घातल्यावर पानांना पेन्सिलीने आकडे घाला, मग कागद उलगडून लिहा. चार पानं उलटी येतात, त्यावरून हशा होतो. सगळं कागदाच्या एकाच बाजूला असल्यामुळे एका झेरॉक्समध्ये अख्खं पुस्तक निघतं. दहा प्रती काढल्या की प्रत्येकाकडे प्रत्येकाचं पुस्तक. त्या दिवशी गोष्ट कशी का असेना. "एक कोंबडी होती. ती गेली. संपलं." हेही चालतं.

गोष्ट कशी काढायची

इथे वेळ लागतो. मराठी शाळेतल्या मुलाला लिही म्हटलं की त्याच्या हातून निबंध उतरतो. 'पावसाळा हा सर्वांचा आवडता ऋतू आहे.' त्या मुलाच्या घरात पावसाचं पाणी शिरलेलं असतं, आजी खाटेवर पाय वर घेऊन बसलेली असते, पण निबंधात मोर नाचतो. म्हणून विषय देऊ नका. वस्तू द्या, किंवा जागा द्या.

माटोळीची फळं आमच्याकडे चांगली चालली. सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंगां, कांगलां, घागऱ्यो. प्रत्येकाने एकेक निवडायचं आणि ते कुठून आणलं, कोणाबरोबर, वाटेत काय झालं, ते सांगायचं. लिहायचं नाही, सांगायचं. रानात आजोबांबरोबर गेलेल्या मुलाला तिथे जळवा, काटे आणि दुसऱ्याच्या बागायतीतून आणलेलं एक तोरिंग आठवलं. ते तोरिंग कोणाचं, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. गोष्ट तिथेच होती.

दुसरी हुकमी जागा म्हणजे दिवाडीची किंवा चोडणची फेरीबोट. तिसरी, रात्री वाड्यावर फिरणारा देवचार. हातात दांडा, पायात वहाणा, गावाची राखण करणारा. आमच्या मुलांना त्याची भीती कमी आणि चौकशी जास्त: त्याच्या वहाणा झिजल्या तर नव्या कोण देतं? हा प्रश्न एका मुलीने विचारला आणि पुढचे दोन शनिवार त्यातच गेले. कोणी चांभार काढला, कोणी देवचाराला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाठवलं.

घरच्या मोठ्यांना देवचाराचं लिहिलेलं आवडेलच असं नाही. एका घरून निरोप आला होता. मी जाऊन बसले, चहा घेतला, मुलाने लिहिलेलं वाचून दाखवलं. आजोबांनी त्यात दोन चुका काढल्या, देवचार असा बोलत नाही म्हणाले आणि कसा बोलतो ते सांगितलं. मुलाने ते गोष्टीत घातलं.

सहा-सात वर्षांच्या मुलांकडून लिहून घेऊ नका. ती बोलतील, तुम्ही लिहा, शब्दाला शब्द. फोनवर रेकॉर्ड करून नंतर उतरवलंत तर आणखी बरं. 'आणि मग, आणि मग' दहा वेळा आलं तर दहा वेळा लिहा. वाचून दाखवताना मूल स्वतःच म्हणतं, दोन काढ.

गोष्ट अडली तर माझे तीन प्रश्न ठरलेले. तू तेव्हा कुठे उभा होतास? काय ऐकू आलं? आणि त्याला कोणी काय म्हटलं? 'का' विचारत नाही. 'का' विचारलं की मूल परत निबंधाकडे वळतं.

आणि एक शेवट तुम्हाला हमखास भेटेल: 'तेवढ्यात मला आईने हाक मारली आणि मी जागा झालो.' वाघ अंगावर आला, पुढे काय करावं ते सुचलं नाही की मुलं जागी होतात. रागावू नका. विचारा, आईला हाक मारायला दहा मिनिटं उशीर झाला असता तर?

कोकणी, मराठी आणि तुमचं लाल पेन

पहिल्या वर्षीची माझी सगळ्यात मोठी चूक ही. अकरा गोष्टी जमल्या. मी दोन रात्री बसून त्या 'नीट' केल्या आणि चांगल्या अक्षरात उतरवल्या. प्रकाशनाच्या दिवशी तिसरीतला एक मुलगा आपलं पान वाचायला उभा राहिला, दोन ओळी वाचल्या आणि थांबला.

"ताई, ही म्हजी काणी न्हय."

त्याने लिहिलं होतं: 'पोदेर आला आणि पोंय पोंय केले आणि आमचा सुणो बांकाखाली गेला तो भायरच येईना.' माझ्या हातून झालं होतं: 'पाववाल्याच्या भोंग्याचा आवाज ऐकून आमचा कुत्रा घाबरून लपला.' व्याकरणात चूक नाही. पण बांक गेला, पोंय पोंय गेलं, आणि न येणारा सुणो एका शब्दात लपवून टाकला. मूळ कागद मी टाकून दिला होता. त्या मुलाला वाक्य पाठ होतं म्हणून ते टिकलं.

आमच्याकडची बहुतेक मुलं घरी कोकणी बोलतात आणि शाळेत मराठी लिहितात. दोन्ही भाषांत लिहिणारे कवी बाकीबाब बोरकर इथलेच, तेव्हा मुलाच्या एका वाक्यात दोन्ही आल्या तर बिचकू नका. माझा नियम साधा आहे: शुद्धलेखन मुलाला विचारून सुधारायचं, शब्द बदलायचा नाही. आजी कोकणीत बोलली असेल तर गोष्टीतही कोकणीतच बोलेल. शब्दार्थांची यादी देऊ नका. पुण्याच्या मामेभावाला 'सुणो' कळला नाही तर तो फोन करून विचारेल, तेवढंच बोलणं होईल.

मूळ कागद मात्र जपा. पक्की प्रत झाल्यावरही.

चित्रं

काही मुलं आधी चित्र काढतात आणि मग त्यात काय चाललंय ते सांगतात. त्यांना उलट क्रमाने करू द्या. फळ्यावर नमुना काढून दाखवू नका. मला चित्र येत नाही याचा फायदा तो हाच, मी हत्ती काढला असता तर बारा मुलांनी माझा हत्ती काढला असता.

दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, इंग्रजी एमसारखे पक्षी, एक घर आणि नदी. हे चित्र देशभरातल्या मुलांच्या हातात बसलेलं आहे. आपल्याकडे त्यात माड वाढतो. ते मोडायचं तर मुलांना बाहेर काढा. सोप्यावर बसवा, समोर जे दिसतं त्यातली एकच गोष्ट वीस मिनिटं बघून काढायची. न्हाणीचं कौलारू छप्पर, शेजाऱ्याची स्कूटर, पोदेराच्या सायकलीवरची टोपली. फोनवरचं कार्टून बघून उतरवण्याला मी मनाई करत नाही, पण त्या आठवड्यात फोन बाहेरच राहतात.

चित्र 'चुकलेलं' वाटलं तर जरा थांबा. आमच्याकडे दुसरीतल्या मुलीने फेरीबोट काढली. बोटीच्या भिंतीतून आतली माणसं दिसत होती, माणसांच्या पिशव्यांतून बांगडे दिसत होते, आणि बोटीखाली पाण्यात बोटीपेक्षा मोठी मासळी. शेजारी बसलेला दादा म्हणाला, "पिशवीतलें कशें दिसता?" ती म्हणाली, "म्हाका खबर आसा न्हय, आंत किदें आसा तें." ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली मुलांच्या चित्रांबद्दल हेच मांडलं: या वयातलं मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं. म्हणून भिंती पारदर्शक होतात आणि महत्त्वाचं माणूस घराहून उंच होतं. ते तसंच ठेवा.

पालकांना एक गोष्ट जरूर सांगते. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा लहानपणी घरच्या भिंतींवर चित्रं काढायचे, तेव्हा त्यांच्या आईने त्यांना कोरी वही आणून दिली. पुढे ते वर्षानुवर्षं चित्रांची रोजनिशी ठेवत गेले. पणजीच्या मार्केटात गेलात तर भिंतींवरची त्यांची माणसं मुलांना दाखवा. नाकं आणि हातवारे बघून मुलं घरी येऊन काका-मामांची चित्रं काढतात. जमलं तर सांगे तालुक्यात पणसायमळला, उसगाळीमळ म्हणतात तिथेही न्या. कुशावतीच्या काठावर जांभ्या दगडावर बैल, हरणं आणि एक मोठं वाटोळं चक्रव्यूहासारखं कोरलेलं आहे, प्रागैतिहासिक काळातलं. एका रेघेत बैल कसा उभा राहतो, हे तिथे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

मुखपृष्ठासाठी आम्ही कावीची युक्ती वापरतो. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर देऊन, तो ओला असताना खरवडून नक्षी काढत, खालचा पांढरा उघडा पडे. कागदावर असं करा: जाड कार्डावर पांढरा मेणाचा खडू दाबून, एकही भोक न ठेवता घासा. वर तांबडा पोस्टर रंग, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, नाहीतर मेणावर रंग धरत नाही. वाळला की संपलेल्या रिफीलने खरवडा. दोनच रंग असल्यामुळे सगळ्यांची चित्रं एका घरची वाटतात.

पानं लावणं आणि शिवणं

मोठं हस्तलिखित ए-४ कागद मधोमध दुमडून करायचं तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. सोळा पानांना चार कागद. आधी कोऱ्या कागदांची नकली प्रत करून तिच्यावर आकडे घाला, कारण उलगडल्यावर १ च्या शेजारी १६ येतं, २ च्या शेजारी १५. शेजारच्या दोघांची बेरीज नेहमी १७. बेरीज चुकली तर पान चुकलं. मधल्या घडीकडे दोन सेंटीमीटर जागा सोडायला सांगा, नाहीतर कोणाचंतरी नाव शिवणीत जातं.

शिवायला घडीवर दाभणाने तीन भोकं, एक मधे, दोन टोकांकडे. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत, आतल्या आत सरळ खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील अशी ठेवून गाठ मारा. स्टेपलरची पिन आपल्या हवेत एका पावसात गंजते आणि कागदावर तांबडा डाग सोडते. दोरा टिकतो.

प्रती

काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये पिवळा रंग नाहीसा होतो. चित्राला काळी बाह्यरेषा असेल तर काही बिघडत नाही. रंगीत जपायचं असेल तर ३०० डीपीआयला स्कॅन करा. स्कॅनर नसला तर सकाळी सोप्यावर, थेट ऊन नसलेल्या उजेडात, कागद जमिनीवर ठेवून बरोबर वरून फोटो काढा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात की रेघा पुसट होतात.

नाव आणि परवानगी

गोष्ट मुलाची, तिचा हक्कही मुलाचाच. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ लेखकाचं वय विचारत नाही. वाचनालयाबाहेर कुठेही ठेवायची, छापायला पाठवायची किंवा इंटरनेटवर टाकायची तर आई-वडिलांची लेखी परवानगी घ्या, आणि मुलालाही विचारा. मुलं कधी कधी नाही म्हणतात. इंटरनेटवर पहिलं नाव आणि वय पुरे. गाव, शाळा आणि फोटो एकत्र देऊ नका.

छापील अंकात गोष्ट पाठवायची हौस असेल तर बालभारतीचं 'किशोर' आहे, १९७१ पासून निघतं. पण पहिल्याच वर्षी पाठवायच्या मागे लागू नका, मुलं लगेच बक्षिसाच्या गोष्टी लिहायला लागतात.

प्रकाशन

प्रमुख पाहुणे नकोत. भाषण आलं की मुलं पानं खाली ठेवतात. आम्ही संध्याकाळी सोप्यावर चटई घालतो, प्रत्येक जण आपलं पान वाचतो, ज्याला वाचायचं नाही त्याचं त्याने निवडलेला माणूस वाचतो. गेल्या वर्षी देवचाराची गोष्ट आजोबांनीच वाचली, आणि देवचाराच्या आवाजात वाचली. खायला उंडो आणि भाजी.

एक प्रत वाचनालयात खिळ्याला दोरीने टांगून ठेवा. पावसाळ्यात ती झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात जाऊ द्या, आणि ऊन पडेल तेव्हा पानं उघडून वारा द्या. शिवताना शेवटी चार पानं कोरी घाला. आमच्या टांगलेल्या प्रतीत त्यातली तीन भरली आहेत. दोन कोणाची ते अक्षरावरून कळतं. तिसऱ्यावर पेन्सिलीने काढलेली नवी वहाणांची जोडी आहे, आणि ती कोणी काढली ते अजून कोणी कबूल केलेलं नाही.